मिळाले, मान्य नाही

पत्र आलं चहाच्या सुट्टीत,
उद्यमबागेत, शेडच्या मागच्या नळाजवळ.
शिपाई म्हणाला, "सही कर की भरमा, मला अजून चार वाटायचीत."

पत्र कानडीत.
बोलतो मी कानडी, बाजारात, बसमध्ये,
होसमनीच्या ओट्यावर रात्री उशिरापर्यंत.
वाचताना मात्र अजून पहिलीतल्या पोरासारखं
ओळीखाली बोट धरावं लागतं.

होसमनीनंच वाचून दाखवलं, चष्मा कपाळावर सरकवून.
एका शब्दाशी थांबला: हिंबडती.
बडती म्हणजे तुमची बढतीच रे, म्हणाला,
आणि हिं म्हणजे मागं.
कंडक्टर नाही का ओरडत, हिंदक्क होगरी, हिंदक्क होगरी.

एकोणीस वर्षं लागली मला पुढं सरकायला.

तपासणीच्या टेबलावर माझं काम एवढंच:
हातोडीची टिचकी मारायची, कान द्यायचा.
धड कास्टिंग लांबवर वाजत राहतं,
फुटकं असलं की ठक्क,
आणि संपलं.
मार्गशीर्षात पंपाचा लॉट आला, दोनशे चाळीस नग.
त्यात एकसष्ट ठक्क.
मॅनेजर म्हणाले, गाडी उभी आहे बाहेर, पास कर.
मी खडूनं फुल्या मारत राहिलो.

पत्रात फुल्यांचं नाव नाही.
पत्रात 'प्रशासकीय कारणास्तव'.
पत्रात इन्स्पेक्टरचा हेल्पर,
पगारातून साडेचार हजार वजा,
उद्यापासून.

शिपायाला म्हटलं, थांब जरा,
आणि निपाणीला फोन लावला, बायकोच्या मावशीला.
तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काढलेली बाई,
हजेरीची कार्डं अजून ट्रंकेत, तारखेवार.
आधी खोकली.
मग म्हणाली, "सही करायची.
नाही केलीस तर म्हणतील पत्रच घेतलं नाही.
पण सहीच्या वर लिही, मिळालं, मान्य नाही.
तारीख घाल. झेरॉक्स काढ.
मग लेखी विचार त्यांना,
गुन्हा काय? चार्जशीट कुठाय? चौकशी कधी बसली?
माझं म्हणणं कुणी ऐकलं?
आरोप आधी, शिक्षा मग. उलटं नसतंय कुठं.
आणि उद्या कामावर जा. झाडू दिला तर झाडू मार.
घरी बसलास की म्हणतील, आपणहून सोडला.
जेवलास काय?"

मी लिहिलं. पेन शिपायाचंच.
मिळाले, मान्य नाही.
"मराठीत लिवलास? चालतंय काय?" त्यानं विचारलं.
नाव पण मराठीतच आहे की, म्हटलं.

रात्री लेबर ऑफिसचा अर्ज.
मी मराठीत सांगायचं, होसमनीनं कानडीत उतरवायचं.
त्याची सून दोनदा चहा ठेवून गेली.
एकसष्ट नगांपाशी पेन थांबलं:
"ठक्कला काय लिहू?"
ठक्कच लिही.
त्यानं तसंच लिहिलं. मग हळू आवाजात वाचून बघितलं,
आणि आम्ही दोघं उगीचच हसलो.

आता माझ्या खुर्चीवर प्रज्वल आहे, खानापूरकडचा,
आठ महिन्यांची नोकरी.
खुर्ची त्यानं खाली केलेली नाही,
पाय लोंबतात.
मी खाली वाळू लोटतो, कोमट, काळी,
नाकात दिवसभर राहणारी.
काल त्यानं टिचकी मारली
आणि माझ्याकडं बघितलं.
झाडू थांबला माझा, इतकंच.
त्यानं खडू उचलला.

सतराची तारीख होती, साहेब रजेवर.
पुढची मिळाली आहे.

रोज सकाळी आठला मी कार्ड टेकवतो.
मशीनच्या पडद्यावर अजून उमटतं,
बी. हलगेकर, इन्स्पेक्टर.
कुणी बदललेलं नाही.
मीही कुणाला सांगितलेलं नाही.